सरगुंड्यांवरचा इटलीचा रस्सा

माझं माहेर मोहगावचं आणि सासर सौंसरचं. मधलं अंतर ते किती, सकाळी सायकलवर निघालेला माणूस जेवायला परत येईल. पण ताटावर बसलं की दोन्ही घरं दोन मुलखातली वाटायची. माहेरी पहिला घास तोंडात गेला की माझे वडील सुरू व्हायचे. वरणात हिंग झोपला आहे, भाजीला आज कोणाची घाई होती, भाकरीच्या काठाला काय झालं. आई चुलीपासूनच उत्तर द्यायची, आम्ही भावंडं बाजू घ्यायचो, आणि त्या गोंधळात प्रत्येकाला दोन घास जास्तच जायचे. कोणाला राग येत नसे. अन्नाबद्दल बोलणं म्हणजे ते रांधणाऱ्या माणसाशी बोलणं, असंच मला वाटत आलं.

सासरी आले आणि पहिल्याच आठवड्यात माझी जीभ बांधली गेली. इथे सासूबाईंचं राज्य होतं. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांचे दोन नियम कडक. एक, ताटावर बसून अन्नाला नावं ठेवायची नाहीत. खारट असो की कच्चं, गिळायचं आणि उठायचं. दुसरा, चुलीवरच्या भांड्यातलं चाखायचं नाही, चाखलं की सारं उष्टं. मीठ अंदाजानं, तिखट रंगावरून आणि बाकी सगळं वासावरून. आत्याबाई वाफेवर नाक नेऊन मीठ कमी असल्याचं सांगायच्या, आणि ते कमी असायचंही. मला ते जमायला फार वेळ लागला. सुरुवातीला मी केलेल्या भाज्या त्या घरानं कशा मुकाट्यानं खाल्ल्या, ते आठवलं की आजही हसू येतं आणि थोडा संतापही. अरे, एकानं तरी सांगायचं होतं.

या घरातलं सगळ्यात तल्लख नाक होतं माझ्या सासऱ्यांचं. त्यांना मी मामंजी म्हणायचे. ते संत्र्याच्या बहाराचे सौदे करायचे. बागेत जायचं, झाडावरच्या फळाला नखानं जरासं ओरखडायचं, बोट नाकाशी न्यायचं आणि भाव बोलायचा. नागपूरचे दलालसुद्धा त्यांच्याशी वाद घालत नसत. बोलायला कमी, पण जे बोलायचे ते मऊ. माझ्यासारख्या फटकळ सुनेला त्यांनी कधी 'हळू बोल' म्हटलं नाही, आणि तेवढ्यासाठीच मी त्यांना जन्मभर मानलं असतं. पण मानायला दुसरंही कारण होतं, ते म्हणजे त्यांचा रस्सा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर असते. श्रावणभर बंद असलेलं मटण त्या दिवशी घरोघरी शिजतं. आमच्याकडे मटण घरात शिजत नसे. परसात वेगळी चूल, वेगळी भांडी, आणि रांधायला घरातले पुरुष. करीला आमच्या सगळ्या गल्लीत काळ्या मसाल्याचा ठसका उठायचा. आमच्या परसातून मात्र निराळाच वास यायचा, गोडसर आणि खोल. लग्नानंतरच्या पहिल्या करीला मी आमच्या ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "बाबा इटलीचा रस्सा करून राहिले."

मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळात भोपाळकडे इटलीच्या कैद्यांची छावणी होती. मामंजी तेव्हा मिसरूड फुटलेलं पोर होते आणि त्या छावणीच्या रेशनच्या गोदामात कामाला होते. तिथल्या भटारखान्यात एक कैदी रांधायचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मामंजी त्याला उस्ताद म्हणायचे, तो मामंजींना काय म्हणायचा ते त्यांनाही कळलं नाही. पण शेजारी बसून बसून ते त्याचा रस्सा शिकले. उस्ताद त्याला रागू म्हणायचा. पुढे कैदी आपल्या देशी गेले, मामंजी सौंसरला आले, बागांच्या धंद्यात पडले, आणि वर्षातून एकदा, करीला, परसात बसून तो रस्सा करत राहिले.

त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. पदर डोक्यावर, आणि डोळे सगळे परसात. खाटकाकडून आणलेलं मटण त्यांनी पाट्यावर न वाटता सुरीनं बारीक चिरलं. अगदी राईएवढं नाही, आपल्या तुरीच्या डाळीएवढं. कल्हईच्या जाड गंजात, म्हणजे पातेल्यात, आधी चरबी वितळवली, मग कांदा. त्या दिवसांत गाजर कुठलं मिळायला, म्हणून गोडव्याला कोहळ्याचे, म्हणजे लाल भोपळ्याचे, बारीक तुकडे. उस्ताद कसल्याशा पालेभाजीचे देठ घालायचा म्हणे, ते इथे कोथिंबिरीच्या काड्यांवर भागवलं. तो दारू ओतायचा. दारूचं नाव काढायची आमच्या घरात कोणाची टाप नव्हती, तेव्हा मामंजींनी आंबिया बहाराची, म्हणजे दिवाळीकडे पिकणारी, गळून पडलेली हिरवी संत्री आणली होती. त्यांचा आंबटढाण रस मटणावर पडला तशी गंजातून जी वाफ निघाली, तिनं मी दारातून दोन पावलं पुढे गेले. मग टमाटे, मग थोडं दूध, मग जायफळ. आणि मग काहीच नाही.

हे 'काहीच नाही' मला सगळ्यात आवडलं. चुलीत संत्र्याचं वाळलेलं लाकूड होतं, त्याचा निखारा धरून राहतो. कापसाची पऱ्हाटी भुर्रकन जळते, तिला ते हात लावू देत नसत. बाजेवर बसून ते फक्त गंजाकडे पाहत. एक बुडबुडा यायचा, फुटायचा, बराच वेळ काही नाही, मग दुसरा यायचा. दोन एकदम आले की ते एक लाकूड मागे ओढायचे. मी तोवर मटण म्हणजे खळखळ उकळी एवढंच पाहिलेलं. दुपार कलली तरी माणूस जागचा हलला नाही. मधूनमधून वाफेवर नाक न्यायचे, डोळे मिटायचे, आणि जायफळाची पूड चिमटीतून सोडायचे किंवा न सोडता परत ठेवायचे. चाखलं एकदाही नाही.

रस्सा इटलीचा, पण त्याखाली घालायचं काय? उस्ताद कणकेच्या लांब नळ्या करायचा. मामंजींनी त्या पाहिल्या आणि म्हणाले, हे तर आमचे सरगुंडे. आपल्याकडे उन्हाळ्यात बाया कणकेची दोरी वळून काडीवर गुंडाळतात, काढून वाळवतात, ते सरगुंडे. ते उकडून आमरसाशी खायचे, जावयाला वाढायचे, मंगल कार्याचं पान. त्यावर मटण ओतायचं म्हणजे आत्याबाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दरवर्षी व्हायचा, आणि दरवर्षी त्या करीपुरते सरगुंडे डब्यात बाजूला काढूनही ठेवायच्या. त्या पहिल्या करीला माझ्या ताटात ते पडले. पोकळीत शिरलेला रस्सा दाताखाली बाहेर आला आणि मी जागीच थांबले. तिखट नाही, मसाला नाही, तरी तोंडभर काहीतरी भरून राहिलेलं. मामंजी दाराशी येऊन नेहमीप्रमाणे विचारत होते, "कसा झाला?" सगळे म्हणाले, मस्त. मीही म्हणाले, पण माझं मस्त खरं होतं.

त्याच हिवाळ्यात मामंजी बागेत शिडीवरून पडले. डोक्याला मार बसला. नागपूरला दवाखान्यात ठेवावं लागलं. परत आले ते हडकून, पण चालते-बोलते. आम्ही देवाचे आभार मानले आणि विषय संपवला. ते थोडे गप्प झाले होते. बागेत जाताना आता धाकट्या मुलाला, म्हणजे माझ्या दिराला, सोबत न्यायचे. वय झालं, असं आम्ही धरून चाललो.

पुढच्या करीला पुन्हा चूल पेटली. मी आत सरगुंडे उकडत होते आणि मला करपल्याचा वास आला. दारात येऊन पाहते तर मामंजी गंजाला अगदी खेटून बसलेले, डाव हातात, चेहरा शांत. मला वाटलं डुलकी लागली असेल, पण डोळे उघडे होते. त्यांनी वाफेवर नाक नेलं, मान हलवली आणि मीठ टाकलं. ते आधी टाकून झालं होतं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

पुरुषांची पंगत बसली. पहिल्या घासाला माझ्या दिराचा चेहरा इतका वाकडा झाला, की मला दारातूनही दिसला. त्यानं पाण्याचा गडू उचलला, घास ढकलला. आमचे हे खाली मान घालून जेवत राहिले. मामंजींनी विचारलं, "कसा झाला?" दोघं म्हणाले, "मस्त." मग आम्ही बायका बसलो. मामंजी आमच्याही दाराशी आले आणि तेच विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, "नेहमीसारखा." मी घास गिळला. खालून करपलेला, वरून खारट. त्या माणसाचा तो रस्सा असा झालेला, आणि सगळे मूग गिळून बसलेले, हे पाहून माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"मामंजी, करपला आहे," मी म्हणाले. "आणि मीठ दोनदा पडलं."

आत्याबाईंचा हात ताटातच राहिला. मामंजींनी माझ्याकडे पाहिलं आणि वळून परसात गेले. त्या दिवशी मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. माझ्या माहेरापर्यंत सगळं निघालं. आमचे हे सुद्धा म्हणाले, "काहून बोलली तू? म्हातारा माणूस आहे." संध्याकाळी मामंजींनी गंज घासून, पुसून माळ्यावर ठेवला आणि आत्याबाईंना सांगितलं, आता पुढच्या करीला पोरांना काळं मटण करू द्या.

तेव्हा मात्र मला धसका बसला. खारट झालं तर झालं, पण रस्साच बंद?

काही दिवसांनी मी परसात कपडे वाळत घालत होते. मामंजी बाजेवर बसले होते, हातात संत्र्याची हिरवी साल. ती ते चुरगळत होते, नाकाशी नेत होते, पुन्हा चुरगळत होते. इतकी चुरगळली की मला दोरीपाशी वास येत होता. आणि मला एकदम सगळं समजलं.

"वास येत नाही ना, मामंजी?"

त्यांनी साल खाली ठेवली. "पडलो तवापासून नाई. चव बी नाई. तोंडात माती टाकली तरी समजनार नाई मले."

"मग सांगितलं काहून नाही?"

"कोनाले सांगू? दलालायले समजलं तर सौदे बसले." थोडं थांबून म्हणाले, "घरच्यायले मी विचारलं ना. कसा झाला, कसा झाला. कोनी तरी सांगन म्हनून विचारून राहिलो होतो. सारे म्हने मस्त. तुयाशिवाय कोनी खरं नाई बोललं."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला रागही येतो. मी ओले कपडे बादलीत तसेच टाकले, माळ्यावर चढले आणि गंज खाली काढला.

दसऱ्यानंतर आम्ही दोघांनी रस्सा करायला घेतला. नाक त्यांचं नव्हतं आणि माझं तेवढं तयार नव्हतं, तेव्हा चाखल्याशिवाय इलाज नव्हता. मी डावातला थेंब तळहातावर घ्यायचे, चाखायचे, हात धुवायचे. आणि तेव्हा मला कळलं, की हा माणूस किती मोठा आहे. चव गेलेल्या माणसानं मला चव शिकवली. ते विचारायचे, "आंबट कुठं लागून राहिलं? जिभेच्या टोकाले का गालाच्या मागं?" मी म्हणायचे, टोकाला. ते म्हणायचे, "मंग कच्चं हाय. बस. मागं जाऊ दे." किंवा विचारायचे, "टमाटा आणि मटन वेगळे लागतात का एकच?" मला आधी सगळं एकच लागायचं. मग हळूहळू वेगळं लागायला लागलं, आणि नंतर पुन्हा एक झालं, पण ते एक निराळं होतं. डाव फिरवताना हाताला किती जड लागतो यावरून ते सांगायचे की पाणी आटलं. बुडबुड्याच्या आवाजावरून लाकूड ओढायचे. जे गेलं त्याबद्दल एक शब्द कुरकुर नाही. उरलेल्या डोळ्यांनी, कानांनी आणि हातांनी ते पुन्हा पहिल्यापासून शिकत होते. त्यांच्या जागी मी असते तर सगळ्यांच्या डोक्यावर गंज आपटला असता.

पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्यात मीच जायफळ ओतलं. मी तसं सांगितलं की ते खूश व्हायचे. "सांगत जा," म्हणायचे, "गोड नको बोलू."

आत्याबाईंचं मात्र डोकं फिरलं होतं. सून मटणाच्या चुलीवर, सासऱ्याजवळ बसून, आणि त्यात चाखते. "साऱ्या गंजाचं उष्टं करून राहिली," त्या म्हणाल्या, "मी नाई खानार." त्या आपल्यापुरतं पिठलं करायच्या. एकदा त्यांनी हेच सगळ्यांसमोर ऐकवलं आणि माझा तोल गेला. मामंजींनी कोणाला सांगू नको म्हटलेलं, तरी मी म्हणून टाकलं. "त्यांना वास येत नाही. चवही नाही. म्हणून चाखते. तुम्ही सगळे मस्त मस्त म्हणता, ते बिचारे माती खातात." त्याचा मला पस्तावा नाही. आत्याबाई पदरानं हात पुसत देवघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मग पुन्हा पोळा झाला, कर आली. सकाळपासून मामंजी बाजेवर, मी चुलीशी. त्या दिवशी ते घाबरले होते. परीक्षेला बसलेल्या लहान मुलासारखे हात धोतराला पुसत होते. म्हणाले, "आज बरोबर झाला तर झाला. नाई तर मंग खरंच ठेवून देऊ गंज. तुले कितीक दिवस बसवू इथं?" मी चुलीतलं लाकूड थोडं मागे ओढलं. तिसऱ्या प्रहरी मी थेंब चाखला. आंबट गालाच्या मागे गेलं होतं, टमाटा आणि मटण एक झालं होतं. मी म्हणाले, "उतरवा." त्यांनी एका शब्दानं उलट विचारलं नाही. फडक्यानं धरून गंज उतरवला.

पंगत मांडली तेव्हा मामंजींनी आपल्या शेजारी आणखी एक पाट मांडायला सांगितला. "सूनबाई बसन इथं." पुरुषांच्या पंगतीत, सासऱ्याशेजारी. आमचे हे माझ्याकडे पाहू लागले, दीर ताटाकडे. मी पदर सावरत बसले. वाढायला आत्याबाई होत्या. सरगुंडे वाढले, रस्सा वाढला, तोंड घट्ट मिटलेलं.

मामंजींनी घास घेतला. चावला. चेहऱ्यावर काही नाही, कारण तोंडाला चवच नव्हती. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "कसा झाला?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याबाईंनी डाव गंजात बुडवला, रस्सा आपल्या तळहातावर घेतला आणि उभ्या उभ्या, सगळ्यांसमोर, चाखला.

"आंबट कमी हाय," त्या म्हणाल्या.

मामंजींचा घास हातात राहिला. "काय म्हनलं?"

"आंबट कमी हाय म्हनलं. तुमी पडायच्या अगोदरच्या करीले याच्याहून बरं होतं. आणि त्याच्या अगोदरच्या करीले तर जायफळाचा कहर केला होता तुमी."

"तवा तर तू म्हने, नेहमीसारखा."

"तवा तुमचं तुमाले समजत होतं," आत्याबाई म्हणाल्या. "आता नाई समजत. मंग आमी नाई सांगू तर कोन सांगन?"

मामंजींचे डोळे भरले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. शेजारून माझा दीर हळूच म्हणाला, "बाबा, मीठ एक चिमूट अजून चाललं असतं." आमचे हे म्हणाले, नाही, मीठ बरोबर आहे, कोहळं जास्त झालं. दीर म्हणाला, तुला काय समजते. मीही मधे पडले. त्या घरात ताटावर बसून अन्नावर भांडण मी पहिल्यांदा ऐकत होते. मामंजी एकेकाच्या तोंडाकडे वळून पाहत होते आणि सावकाश चावत होते.

मग त्यांनी रिकामं ताट आत्याबाईंपुढे धरलं. "वाढ अजून," म्हणाले, "आणि सांगत राय." आत्याबाई खाली बसल्या, वाढत गेल्या, सांगत गेल्या, आणि ते ऐकत ऐकत जेवले.